मे महिन्यात जाणारा विक्रेता, ऑगस्टमध्ये येणारा ग्राहक: कॉलेजच्या मुलांसाठी खरेदी-विक्रीचं ॲप

प्रश्न थोडक्यात असा: जळगावात अभियांत्रिकीच्या तिसऱ्या वर्षाला असलेल्या चौघांना जुनी पुस्तकं, ड्राफ्टर (अभियांत्रिकी रेखाटनाचं साधन), कॅल्क्युलेटर, सायकली, कूलर यांच्या खरेदी-विक्रीचं ॲप करायचं आहे. पुढे भुसावळ, शिरपूर, धुळे, नंदुरबार असा सगळा खान्देश त्यात यावा अशी इच्छा आहे. ॲप बनवायला फ्लटर हे साधन घ्यावं की रिॲक्ट नेटिव्ह, पैसे ॲपमधून घ्यावेत का, खर्च किती येईल आणि सुरुवात कुठून करावी, हे त्यांना हवं आहे.

शेवटचा प्रश्न आधी घेऊ, कारण बाकीच्या तिन्हींची उत्तरं त्यावरच ठरतात. अशी बहुतेक ॲप्स कोडमुळे बंद पडत नाहीत. विकणारा आणि घेणारा एकाच वेळी गावात नसतो, म्हणून ती बंद पडतात. आपल्याकडचं वर्षाचं चक्र पाहा. शेवटच्या वर्षाचा मुलगा परीक्षा संपली की मे-जूनमध्ये खोली सोडून गावी जातो. प्रथम वर्षाचे प्रवेश कॅप, म्हणजे केंद्रीभूत प्रवेशाच्या फेऱ्यांमधून होतात, त्यामुळे नवीन मुलगा प्रत्यक्ष वर्गात बसेपर्यंत ऑगस्ट-सप्टेंबर उजाडतो. मिनी ड्राफ्टर विकायला काढणारा मे महिन्यात आहे आणि घेणारा ऑगस्टमध्ये. कूलरचं गणित तर आणखी उलटं. जळगाव-भुसावळचा पारा मार्चपासूनच चढू लागतो, तेव्हा कूलर सगळ्यांना हवा असतो. पण तो विकायला निघतो खोली सोडताना, म्हणजे पाऊस तोंडावर आल्यावर. तेव्हा त्याला निम्मी किंमतही येत नाही.

म्हणून पहिल्या दिवशी कागदावर वस्तूंचे दोन गट पाडा. पहिल्या गटात घेणारा आत्ता गावातच असलेल्या वस्तू: दुसऱ्या वर्षाच्या मुलाने तिसऱ्या वर्षाच्या मुलाकडून घ्यायची पुस्तकं, सायकल, अभ्यासाचं टेबल, खाट, गादी, स्पर्धा परीक्षांची पुस्तकं. दुसऱ्या गटात घेणारा अजून यायचा आहे अशा: ड्राफ्टर, रोलर स्केल, शीट ठेवायची नळी, वर्कशॉपचा बॉयलर सूट, लॅबचा ॲप्रन, प्रथम वर्षाची पुस्तकं. पहिल्या गटाला साधी यादी पुरते. दुसऱ्या गटाला वस्तू मधले तीन महिने सांभाळणारं कुणीतरी लागतं, आणि ही सोय तुमच्या ॲपमध्ये असेल तरच मुलं व्हॉट्सॲप ग्रुप सोडून तुमच्याकडे येतील. नुसती यादी आणि फोटो तर ग्रुपवरही चालतात.

सांभाळण्याची व्यवस्था अशी बसवा. गावातच राहणाऱ्या दोन-तीन विद्यार्थ्यांना 'सांभाळणारा' ही भूमिका द्या. वस्तू जमा होताना तीन फोटो, एक क्रमांकाचं स्टिकर, ठरलेली किंमत आणि 'यापेक्षा कमी नाही' ही किंमत नोंदवा. पेटीत मावेल तेवढंच घ्या. खाट, कूलर, सायकल सांभाळायला घेतली की जागेचा आणि गंजाचा वाद सुरू होतो. दर वस्तूमागे 20 रुपये सांभाळणाऱ्याला, ते विक्रेत्याने जमा करतानाच द्यायचे. ग्राहक आला की तो पैसे थेट विक्रेत्याच्या यूपीआयवर पाठवतो, विक्रेता घरी बसून ॲपमध्ये 'पैसे मिळाले' दाबतो, आणि मगच सांभाळणाऱ्याच्या फोनवर वस्तू देण्याची परवानगी उमटते. पैसा तुमच्या हातातून एकदाही जात नाही. हे का महत्त्वाचं ते पुढे येईलच. 30 सप्टेंबरपर्यंत न विकलेली वस्तू परत न्यायची की कॉलेजच्या बुक बँकेला द्यायची, हे जमा करतानाच लिहून घ्या. ते राहिलं तर दिवाळीत तुमच्याकडे चाळीस बेवारस ड्राफ्टर पडलेले असतील.

आता 'सगळा खान्देश' हा विचार. तो किमान एक वर्ष बाजूला ठेवा. कवयित्री बहिणाबाई चौधरी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठाचं (उमवि) क्षेत्र जळगाव, धुळे आणि नंदुरबार असं तीन जिल्ह्यांचं असलं, तरी शहाद्याच्या मुलाला जळगावातली खाट दिसून उपयोग काय? वीस कॉलेजांत प्रत्येकी दहा वस्तू असतील तर ॲप सगळीकडेच रिकामं दिसतं. एका कॉलेजात दोनशे असतील तर तिथे ते भरलेलं वाटतं. एकच कॅम्पस निवडा, तिथे ॲप उघडण्याआधी किमान दीडशे वस्तू स्वतः फिरून नोंदवा, मग घेणाऱ्यांना बोलवा. नोंदणीसाठी योग्य काळ एप्रिलचा दुसरा पंधरवडा ते खोल्या रिकाम्या होईपर्यंत. वसतिगृहाच्या प्रत्येक मजल्यावर एक ओळखीचा मुलगा किंवा मुलगी असली की काम होतं.

आणि हे सगळं ॲपशिवाय आधी करून पाहा. एक गुगल फॉर्म, एक शीट, एक ग्रुप, चार आठवडे. कोणत्या वस्तूला किती विचारणा आली, भाव किती उतरला, कुठे व्यवहार फिसकटला, हे शीटच्या शेवटच्या रकान्यात लिहीत जा. चार आठवड्यांत वीस व्यवहारही झाले नाहीत, तर ॲप करूनही होणार नाहीत.

दुसऱ्या कॅम्पसकडे जाल तेव्हा अंतर किलोमीटरच्या वर्तुळाने मोजू नका. नकाशावर जवळ दिसणारं गाव तापीच्या पलीकडे असलं की पूल गाठेपर्यंत वाट वाढते. आपल्याकडची मुलं रूटने फिरतात: भुसावळ-जळगाव रेल्वेने अप-डाऊन, अमळनेर-धरणगावची मुलं सुरत लाइनने, चोपडा-यावलची एसटीच्या पासवर. म्हणून वापरकर्त्याच्या माहितीत 'कॉलेज' आणि 'येण्या-जाण्याचा रूट' हे दोन रकाने ठेवा. पुस्तक, कॅल्क्युलेटर, ड्राफ्टर रूटवरच्या कुणालाही दिसू द्या. खाट आणि कूलर फक्त त्याच गावात.

पुस्तकांचा पॅटर्न

पुस्तक विकलं जातं, घरी जाऊन उघडलं की अभ्यासक्रम जुना निघतो, आणि मुलगा पुन्हा ॲप उघडत नाही. खान्देशातली सगळी अभियांत्रिकी महाविद्यालयं एकाच विद्यापीठाची नाहीत. काही उमविशी संलग्न, तर काही लोणेरेच्या डॉ. बाबासाहेब आंबेडकर तंत्रज्ञान विद्यापीठाशी. डिप्लोमाला एमएसबीटीईची, म्हणजे राज्य तंत्रशिक्षण मंडळाची, 'आय' स्कीम (अभ्यासक्रम) जाऊन 2023-24 पासून 'के' स्कीम आली. म्हणून पुस्तकाच्या नोंदीत विद्यापीठ किंवा मंडळ, पॅटर्न (अभ्यासक्रमाची आवृत्ती), सेमिस्टर आणि विषयाचा कोड हे चार रकाने सक्तीचे ठेवा आणि ते यादीतून निवडायला लावा, टाइप करायला नको. बारकोड स्कॅन करून 978 ने सुरू होणारा आयएसबीएन, म्हणजे पुस्तकाचा ओळख क्रमांक, वाचता येतो, पण स्थानिक प्रकाशनांची कितीतरी पुस्तकं जागतिक कॅटलॉगमध्ये सापडत नाहीत. स्कॅन ही सोय ठेवा, त्यावर विसंबू नका. एका कॉलेजच्या एका शाखेची आठ सेमिस्टरची यादी चौघे मिळून दोन दिवसांत भरू शकता.

शोधाचंही तसंच. मुलं मराठी शब्द रोमन लिपीत लिहितात, स्पेलिंग प्रत्येकाचं वेगळं. कूलर आणि कुलर, खाट, कॉट, पलंग आणि बाज, हे सगळं एकाच वस्तूवर पोहोचलं पाहिजे. पर्यायी शब्दांचा एक छोटा टेबल ठेवा आणि पोस्टग्रेस या डेटाबेसमधलं ट्रायग्रॅम एक्स्टेन्शन चालू करा. ते अक्षरांच्या तुकड्यांवरून जुळवतं, त्यामुळे एखादं अक्षर चुकलं तरी वस्तू सापडते. कुणी काय शोधलं आणि काहीच मिळालं नाही, याची नोंद रोज साठवा. पर्यायी शब्द त्यातूनच सापडतात, आणि कोणती वस्तू कॅम्पसवर कमी आहे तेही कळतं.

तंत्र

फ्लटर की रिॲक्ट नेटिव्ह, यावर आठवडा घालवू नका. चौघांपैकी दोघांना जावास्क्रिप्ट येत असेल तर रिॲक्ट नेटिव्ह, कुणालाच काही येत नसेल तर फ्लटर. आयफोनची आवृत्ती सध्या नको. ॲपलच्या खात्याचे वर्षाला 99 डॉलर लागतात आणि तुमचा ग्राहक बहुतेक अँड्रॉइडवर आहे. ज्यांच्याकडे आयफोन आहे त्यांच्यासाठी साधं वेब पान पुरे.

डेटाबेसला मात्र वेळ द्या. माझं मत पोस्टग्रेसच्या बाजूने आहे, कारण वस्तू, कॉलेज, विषय, मागणी हे सगळं एकमेकांत गुंतलेलं असतं. गुगलच्या फायरबेसमधला डेटाबेस फायरस्टोअर, त्यात पटकन सुरुवात होते, पण तिथे मजकुरातला शोध अंगभूत नाही आणि फुकट मर्यादा रोजच्या 50,000 वाचनांची आहे (एक नोंद आणली की एक वाचन). पहिल्या पानावर 40 वस्तू दाखवल्या आणि मुलाने दिवसात पाचदा ॲप उघडलं की 200 वाचनं झाली. 250 मुलांत मर्यादा संपली. एका वेळी 12-15 वस्तूच आणल्या आणि पुढच्या खाली सरकवल्यावर मागवल्या तर हा भार बराच उतरतो. पोस्टग्रेस तयार चालवून देणारी सेवा म्हणजे सुपाबेस. तिच्या फुकट योजनेत 500 एमबी डेटाबेस आणि 1 जीबी फाइल्स मिळतात. मात्र आठवडाभर हालचाल नसेल तर प्रकल्प आपोआप थांबवला जातो, आणि दिवाळीच्या सुट्टीत नेमकं हेच होतं. फुकट योजनेत बॅकअपही नसतो. दर रविवारी डेटाबेसची प्रत स्वतः उतरवून घ्या.

सुरक्षेची सर्वांत मोठी चूक इथेच होते. सुपाबेसची सार्वजनिक की ॲपच्या फाइलमधून कुणीही काढू शकतो. ती लपवायची नसतेच. टेबलवर ओळनिहाय परवानगीचे नियम, म्हणजे रो लेव्हल सिक्युरिटी, चालू नसेल तर त्या कीने सगळ्या मुला-मुलींचे फोन नंबर वाचता येतात. फायरबेसच्या 'टेस्ट मोड'चंही तेच: 30 दिवस सगळं उघडं, मग एका सकाळी सगळं बंद. पहिला टेबल तयार होतानाच नियम लिहा आणि लॉगिन न करता प्रत्येक टेबल वाचायचा प्रयत्न करून पाहा. काही हाती लागलं तर ॲप बाहेर काढू नका.

वस्तूच्या अवस्था चारच ठेवा: उपलब्ध, राखून ठेवलेली, विकलेली, मागे घेतलेली. दोन मुलांनी एकाच सेकंदाला 'मला हवी' दाबलं तर काय? आधी अवस्था वाचून मग बदलली तर दोघांनाही वस्तू मिळाल्यासारखी दिसते. बदल एकाच आज्ञेत करा: 'अवस्था उपलब्ध असेल तरच राखून ठेवलेली कर', आणि किती ओळी बदलल्या ते पाहा. शून्य आल्या तर दुसऱ्याला 'आत्ताच गेली' असं सांगा. राखीव काळ 24 तासांचा. मुलगा आलाच नाही तर वस्तू आपोआप पुन्हा उपलब्ध व्हावी. किंमत पूर्णांकात साठवा, दशांशात नको. 30 दिवस झालेल्या नोंदीवर विक्रेत्याला 'अजून आहे का?' असं विचारा, उत्तर नाही तर ती लपवा. दहा विचारणांपैकी सहांना 'कधीच विकली' हे उत्तर मिळालं की लोक विचारायचं सोडतात.

फोटो फोनमध्येच लहान करा. कॅमेऱ्याचा फोटो 3 ते 5 एमबी असतो. लांब बाजू 1280 पिक्सेल आणि गुणवत्ता 70-75 ठेवली की तो साधारण 200 केबीवर येतो, यादीतला छोटा फोटो 320 पिक्सेलचा वेगळा करा. हजार वस्तू, प्रत्येकी चार फोटो, म्हणजे 800 एमबी: फुकटच्या 1 जीबीत जेमतेम मावतात. विकलेल्या वस्तूंचे फोटो 60 दिवसांनी पुसा. फोटोच्या आत दडलेली जागेची माहिती, म्हणजे जीपीएसचे आकडे, चढवण्यापूर्वी काढलीच पाहिजे. खोलीत काढलेल्या फोटोतून मुलीच्या राहण्याचा पत्ता बाहेर जाणं ही तांत्रिक त्रुटी म्हणून सोडून देण्यासारखी गोष्ट नाही.

याच कारणासाठी फोन नंबर आपोआप दाखवू नका. ॲपमध्येच साधा मजकुराचा संवाद द्या, फोटो-व्हिडिओ नकोत. वर तयार वाक्यांची बटणं: 'अजून आहे का?', 'कमी-जास्त होईल का?', 'उद्या कॉलेजात मिळेल का?'. नंबर दोघांनी होकार दिल्यावरच दिसावा. सूचना पाठवायला एफसीएम ही गुगलची सेवा फुकट आहे, पण बॅटरी वाचवण्यासाठी कित्येक फोन मागे चालणारी ॲप्स बंद करतात आणि सूचना उशिरा पोहोचते. निदान संवादाच्या सूचना 'हाय प्रायॉरिटी'ने पाठवा. बटणांवरची भाषा घरातली ठेवा. 'वस्तू सूचिबद्ध करा' यापेक्षा 'विकायला टाका' लगेच कळतं.

ओळख आणि पैसा

विद्यार्थी खराच आहे हे कसं ओळखायचं? कॉलेजचा ईमेल आपल्याकडे बऱ्याच ठिकाणी मिळत नाही. एसएमएसने ओटीपी पाठवायचा तर डीएलटी नोंदणी (व्यावसायिक एसएमएस पाठवणाऱ्यांची दूरसंचार कंपन्यांकडची नोंदणी) लागते, ती संस्थेच्या नावाने होते आणि दर एसएमएसला पैसे पडतात. सुरुवातीला गुगल लॉगिन घ्या आणि वर्गातल्या एका प्रतिनिधीकडून मिळणारा, एकदाच चालणारा कोड. ओळखपत्राचा फोटो घ्यायचाच असेल तर पडताळून त्याच दिवशी पुसा, नोंद फक्त 'पडताळलं' एवढीच. आधार मागू नका. त्याची तुम्हाला गरज नाही आणि सांभाळण्याची ऐपतही नाही.

अकरावी-बारावीची मुलं ज्युनिअर कॉलेजची, म्हणजे बहुतेक 18 वर्षांखालची. भारतीय करार कायदा, 1872 प्रमाणे अज्ञान, म्हणजे 18 वर्षांखालची, व्यक्ती करार करू शकत नाही, आणि डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा, 2023 त्यांच्या माहितीसाठी पालकांची पडताळता येणारी संमती मागतो. त्या कायद्याचे नियम नोव्हेंबर 2025 मध्ये अधिसूचित झाले असून टप्प्याटप्प्याने लागू होत आहेत. पहिली आवृत्ती 18 वर्षांवरील मुलांपुरतीच ठेवा. नीट-जेईईच्या पुस्तकांचा मोठा बाजार त्यामुळे हातचा जातो हे खरं, पण ती जबाबदारी चार विद्यार्थ्यांनी आज घेऊ नये.

पैसे ॲपमधून घेऊ नका. ग्राहकाचे पैसे स्वतःच्या खात्यात ठेवून नंतर विक्रेत्याला देणं हे पेमेंट ॲग्रिगेटरचं काम आहे आणि त्यावर रिझर्व्ह बँकेचे नियम आहेत. कायदेशीर वाट म्हणजे परवानाधारक ॲग्रिगेटरमार्फत पैसे विभागून देणं. त्यासाठी व्यवसायाची नोंदणी, कागदपत्रं आणि शुल्क आलं. 300 रुपयांच्या पुस्तकावर पाच टक्के कमिशन म्हणजे 15 रुपये. त्यासाठी एवढा खटाटोप परवडत नाही, शिवाय मुलं ॲपवर भेटून बाहेर व्यवहार करतील ते वेगळंच. विक्रेता समोर असेल तेव्हा वस्तू हातात घ्या, तपासा, मग विक्रेत्याच्या यूपीआय ॲपमधला क्यूआर स्कॅन करा, हीच पद्धत. उत्पन्न हवं असेल तर मेस, झेरॉक्स, सायकल दुरुस्ती यांच्या महिन्याच्या जाहिराती घ्या. समोर जाऊन भेटता येतील असेच दुकानदार. जाहिरातीचे पैसे नियमित येऊ लागले की सीएला भेटून नोंदणी आणि कराचं बघा.

फसवणूक ठरलेल्या वळणाने येते. लष्करात असल्याचं सांगून कुणीतरी भाव न करता होकार देतो, 'पैसे पाठवतो, हा क्यूआर स्कॅन करून पिन टाका' म्हणतो. पैसे घेण्यासाठी पिन कधीच लागत नाही, हे वाक्य संवादाच्या पडद्यावर कायम दिसू द्या. संवादात 'क्यूआर', 'पिन', 'ॲडव्हान्स' हे शब्द आले की इशारा दाखवा. पैसे गेलेच तर लगेच 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन. जितका उशीर, तितकी रक्कम अडवणं अवघड. जुना मोबाइल विकायला आला तर बिल मागा आणि केवायएम लिहून पुढे आयएमईआय क्रमांक टाकून 14422 वर एसएमएस करा. फोन ब्लॉक केलेला असेल तर कळतं. वस्तू देण्या-घेण्याची ठिकाणं ॲपमध्येच ठरवून द्या: ग्रंथालयाचं दार, कँटीन, मुख्य गेट, दिवसाउजेडी.

काय विकू द्यायचं नाही, हे पहिल्याच दिवशी लिहा. लिहून पूर्ण केलेली जर्नल्स आणि असाइनमेंट, संपूर्ण पुस्तकांच्या झेरॉक्स आणि पीडीएफ, औषधं, परीक्षेशी संबंधित काहीही. वैद्यकीयच्या मुलांकडून हाडांचा सेट येईल, प्लास्टिकचाच घ्या. जर्नल विकू दिली तर प्राचार्यांचा विरोध ओढवतो आणि कॅम्पसचं दार बंद होतं.

प्ले स्टोअर आणि खर्च

प्ले स्टोअरचं खातं एकदाच 25 डॉलर. 13 नोव्हेंबर 2023 नंतर उघडलेल्या वैयक्तिक खात्याला किमान 12 जणांची बंद चाचणी सलग 14 दिवस चालवावी लागते, तरच ॲप सर्वांसाठी खुलं करण्याचा अर्ज करता येतो. तेव्हा एप्रिलमध्ये ॲप हवं तर मार्चच्या सुरुवातीलाच चाचणी लावा. 12 ऐवजी 20 जण घ्या, कारण दोघे-तिघे मध्येच बाहेर पडतात. वापरकर्त्यांचा मजकूर असलेल्या ॲपमध्ये तक्रार करण्याची आणि एखाद्याला ब्लॉक करण्याची सोय, आणि खातं पुसण्याची सोय ॲपमध्ये व वेबवर दोन्हीकडे हवी. हे नसेल तर ॲप परत येऊ शकतं. तक्रारीला 48 तासांत पोच आणि महिन्यात निकाल ही शिस्त आत्तापासून पाळा. पुढे कंपनी केलीत तर ग्राहक संरक्षण (ई-कॉमर्स) नियम, 2020 तेच मागतात. पहिल्या वर्षाचा खर्च म्हणजे हे खातं, डोमेन, स्टिकर आणि पत्रकं. फुकट मर्यादा ओलांडली तर सुपाबेसची पुढची योजना महिन्याला 25 डॉलरपासून सुरू होते.

एक गोष्ट आजच ठरवा. तुम्ही तिसऱ्या वर्षाला आहात, म्हणजे पुढच्या वर्षी, शेवटचं वर्ष संपताना, मे महिन्यात तुम्हीही जाल. प्ले स्टोअर, डोमेन, डेटाबेस ही सगळी खाती कुणा एकाच्या वैयक्तिक ईमेलवर नकोत. प्रकल्पाचा वेगळा ईमेल उघडा आणि त्याचं दुहेरी पडताळणीचं साधन किमान दोघांकडे ठेवा. डोमेन आणि सर्व्हरची पुढची तारीख, साइनिंग कीची (ॲपची नवी आवृत्ती तुमचीच आहे हे पटवणाऱ्या गुप्त फाइलची) प्रत, परवानगीचे नियम, सांभाळणाऱ्यांची यादी आणि न विकलेल्या वस्तूंची नोंद एका कागदावर आणा. दुसऱ्या वर्षातल्या दोघांना जानेवारीतच सोबत घ्या, म्हणजे एप्रिलची नोंदणी ते तुमच्या देखत करतील आणि ऑगस्टची विक्री तुमच्याशिवाय.